पापड उपग्रहाला दिसत नाहीत

उन्हाळा आला की आमच्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: गूगल अर्थवर आपलं घर चोवीस तास लाइव्ह दिसतं, अगदी गच्चीवरचं वाळवणसुद्धा, ते बघूनच कंपन्या जाहिराती पाठवतात, तेव्हा अ‍ॅप ताबडतोब काढून टाका. यंदा काकूंनी तो पुढे तर पाठवलाच, वर गच्चीवर जुनी चादरही बांधली.

आधी ‘लाइव्ह’चं बघू. कॉम्प्युटरवर गूगल अर्थ उघडलं की खाली चित्राची तारीख दिसते. आमच्या घरावर तिथे अजून कौलं आहेत; स्लॅब पडून तीन वर्षं झाली. हे फोटो काढणारे उपग्रह सेकंदाला सात किलोमीटरहून जास्त वेगाने पळत असतात, एका गावावर टक लावून बसणं त्यांना जमतच नाही. एका जागी स्थिर वाटणारे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर. त्यांना ढग दिसतात, गच्ची नाही.

वाळवण? विकत मिळणाऱ्या उत्तम चित्रातही एक ठिपका साधारण ३० सेंटीमीटरचा. सहा बाय तीन फुटांची बाज अठरा ठिपक्यांत संपली. पापड तर एका ठिपक्यात चार बसतील. त्यातला उडदाचा कोणता नि नाचणीचा कोणता, कुणाला कळणार?

जाहिराती येतात हे मात्र खरं. पण त्या खिशातून येतात: फोनचं लोकेशन, काल काय शोधलंत ते. चादर तिथे घाला.

गंमत अशी की उपग्रह आणि जाहिरात यांचं खरंच जुळलं होतं, पण उलट्या बाजूने. २००६ साली तळलेलं चिकन विकणाऱ्या केएफसीने अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात, रेचल गावाजवळ, आपल्या बोधचिन्हावरच्या कर्नलचा, म्हणजे त्या दाढीवाल्या आजोबांचा, चेहरा जमिनीवर मांडला. सुमारे ६५,००० रंगवलेल्या फरश्या, दोन एकरांचा पसारा. जवळच एरिया ५१ हा गुप्त लष्करी तळ, त्यामुळे स्क्रीनवरून तिथे डोकावणारे हौशी भरपूर. आपण वरून बघतो हे कंपनीने हेरलं आणि आपल्या वाटेतच पाटी ठोकली. घुसखोरी म्हणायची तर ही. माणसाने घरबसल्या वाळवंट भटकायला जावं आणि तिथेही होर्डिंग!

आणि अ‍ॅप का काढायचं? वरून बघण्यात मजा आहे. २०२०च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा लँडसॅट ८ या उपग्रहाच्या २५ मे आणि १० जूनच्या चित्रांत तो फरक सरळ दिसत होता. त्या चित्रांत एक ठिपका ३० मीटरचा, म्हणजे आमचं घर अंगणासकट एका ठिपक्यात.

काकूंची चादर दुसऱ्याच दिवशी उतरली. पापड वाळेनात.