कुंपण त्यांचं, भुंकणं आमचं

२०२५च्या ऑगस्टमधे आमच्या फॅमिली ग्रुपवर ११ दिवसांत दोनदा दिवाळी झाली, आणि दोन्ही वेळा फटाके वेगळ्या पार्टीचे. ११ तारखेला सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली आणि आसपासची भटकी कुत्री उचला, शेल्टरमधे ठेवा आणि परत सोडू नका असं सांगितलं तेव्हा दादाने ओळभर फटाक्यांचे इमोजी टाकले. २२ला तीन न्यायमूर्तींच्या बेंचने ते बदललं, म्हणजे नसबंदी आणि लस करून जिथून उचललं तिथेच सोडा, फक्त रेबीजची आणि अंगावर येणारी सोडू नका, आणि खायला घालायचं तर महापालिकेने ठरवून दिलेल्या जागी, रस्त्यात कुठेही नाही. तेव्हा वहिनीने हार्ट टाकले, गुलाबी, तेही ओळभर. दोघं एकाच घरात राहतात हे सांगायला हवं. मग ७ नोव्हेंबरला शाळा, हॉस्पिटलं, बस स्टँड, रेल्वे स्टेशनं इथली कुत्री उचला आणि तिथे परत सोडू नका असा पुढचा आदेश आला त्यावर कोणीच काही टाकलं नाही, दमले असावेत.

मधे कधीतरी दादाने मला टॅग केलं. "तू सांग गं, तिकडे आहे का एक तरी कुत्रं रस्त्यावर? तिकडे डॉग पार्क असतात, शिस्त असते." आणि खाली कुठूनतरी आलेला हिरव्यागार डॉग पार्कचा फोटो, ज्यात सगळी कुत्री शाळेच्या ग्रुप फोटोसारखी बसलेली.

मी तो मेसेज वाचला तेव्हा माझ्याकडे सकाळचे ६ वाजून ४० मिनिटं झाली होती आणि माझ्या कानात बोळे होते. डॉग पार्कमुळे.

मी अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात राहते. एवढ्याशा राज्यात ५००च्या वर टाऊन्स आहेत, प्रत्येकाचा मेयर वेगळा, कौन्सिल वेगळं, बऱ्याच ठिकाणी पोलीसही वेगळे, आणि एका टाऊनमधून दुसऱ्यात कधी गेलो ते रस्त्यावरच्या पाटीचा रंग बदलला की कळतं. माझ्या मागच्या अंगणाच्या कुंपणाला आमचं टाऊन संपतं. पलीकडे झाडांची एक पातळ पट्टी, आणि त्यापलीकडे शेजारच्या टाऊनचा पार्क. दोन वर्षांपूर्वी त्यांनी त्या पार्कात डॉग पार्क करायचं ठरवलं आणि अगदी समंजसपणे त्यांच्या घरांपासून सगळ्यात लांबचा कोपरा निवडला. नकाशात त्या कोपऱ्याच्या पुढे काही नव्हतंच, नुसता करडा रंग. त्या करड्या रंगात मी राहते.

पार्क चांगला आहे, खोटं कशाला बोलू. उंच जाळीचं कुंपण, आत जायला दोन फाटकं एकामागे एक, म्हणजे पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही आणि कुत्रं निसटायचं नाही, लहान कुत्र्यांना वेगळा कप्पा, खाली लाकडाच्या ढलप्या, खांबाला शी उचलायच्या पिशव्या. प्रत्येकाच्या गळपट्ट्याला टाऊनच्या लायसन्सचा बिल्ला, आणि रेबीजची लस दाखवल्याशिवाय लायसन्स मिळत नाही. भुंकणंही लोकांना वाटतं तसं सलग नसतं. आत सगळी शांत असतात, हुंगतात, पळतात, आणि मग बाहेरच्या फाटकाची कडी वाजते. खट्ट. झालं, आतली आठ-दहाजणं त्या खट्टकडे धावतात आणि नवीन आलेल्याला जे काही सांगायचं ते सगळी एकदम सांगतात. दोन मिनिटं. मग शांत. मग परत खट्ट. आता मला भुंकण्याच्या आधी कडीच ऐकू येते, आणि झोपेत ती कडी ऐकून मी पुढच्या भुंकण्याची वाट बघत पडते, जे भुंकण्यापेक्षा वाईट.

तर मी गेले त्यांच्या कौन्सिलच्या मीटिंगला. दरवाजापाशी कागदावर नाव आणि पत्ता लिहायचा. पत्ता बघून क्लार्कबाई अगदी गोड हसल्या आणि म्हणाल्या, आधी आमचे रहिवासी बोलतील, मग बाहेरचे. बाहेरची म्हणजे मी, जिची बेडरूम त्या कुंपणाला सगळ्यात जवळ. दोन तास बसले. प्रत्येकाला तीन मिनिटं, टेबलावर सिग्नलसारखे दिवे, हिरवा, पिवळा, लाल, आणि लाल लागला की वाक्य अर्धं असलं तरी माईक बंद. माझ्या आधी एक आजी बोलल्या, त्यांचे यजमान गेल्यावर दिवसभरात माणसांशी बोलणं म्हणजे त्या बाकावरचा सकाळचा अर्धा तास, तो काढून घेऊ नका, एवढंच. त्यांनी पूर्ण मिनिटही वापरलं नाही. त्यानंतर मी उठले, फोनवरचं रेकॉर्डिंग माईकला लावलं, आणि हॉलमधे असा काही आवाज घुमला की जणू मीच भुंकतेय. दोनजण हसले. मेयर म्हणाले थँक यू फॉर युअर कॉमेंट. आमच्या टाऊनमधे विचारलं तर ती आमची हद्द नाही. एक कुत्रा माझ्याकडे असता तरी आत जायला मला नॉन-रेसिडेंट पास दुप्पट पैशांनी घ्यावा लागला असता, हे वर.

हे काही नवं नाही इथे. याच राज्यात एव्हन-बाय-द-सी नावाच्या समुद्रकाठच्या गावाने बीचचे पास गावकऱ्यांना स्वस्त आणि बाहेरच्यांना महाग असं केलं होतं, तर शेजारचं नेपच्यून सिटी, ज्याला स्वतःचा समुद्रकिनारा नाही, ते कोर्टात गेलं. १९७२ मधे राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की समुद्रकिनारा हा सगळ्या जनतेचा, गाव फक्त त्याचं विश्वस्त, पैसे घ्यायचे तर सगळ्यांकडून सारखे घ्या. मला तो निकाल फार आवडतो. पण तो समुद्रकिनाऱ्याला लागू आहे, लाकडाच्या ढलप्यांना नाही. आणि तसंही मला आत जायचंच नव्हतं, मला ठरवताना विचारायला हवं होतं, त्यासाठी कोणता निकाल आहे काय माहीत.

न्यूयॉर्कचं बघा. तिथे ठराविक पार्कांमधे सकाळी ९च्या आधी आणि रात्री ९नंतर कुत्री मोकळी सोडायची मुभा वर्षानुवर्षं नुसती चालत आलेली होती, कागदावर नियम कुत्रं पट्ट्याला बांधलेलंच हवं असा. तिथल्या क्वीन्स भागातली जुनिपर पार्क सिव्हिक असोसिएशन ही रहिवाशांची संघटना २००६ मधे त्याविरुद्ध कोर्टात गेली आणि हरली, वर २००७ मधे ती मुभा रीतसर नियमात लिहून आली. ज्यांना बंद करायचं होतं त्यांच्याच भांडणातून पक्कं झालं. पण निदान वेळ लिहिलेली आहे. वेळ लिहिलेली असली की शेजाऱ्याला घड्याळ दाखवता येतं, कुत्रं आवडतं की नाही हे सांगावं लागत नाही. दादा-वहिनींच्या भांडणात मला हेच सगळ्यात जास्त खटकतं, तिथे आधी तुम्ही कुत्र्यांच्या बाजूचे की माणसांच्या हे सांगावं लागतं, मग पुढचं वाक्य.

आता दादाच्या फोटोबद्दल. इथे रस्त्यावर कुत्रं दिसत नाही हे खरं, आणि ते शिस्तीने झालं हे अर्धं खरं. सत्तरच्या दशकात इथल्या शेल्टर्समधे वर्षाला एक कोटीच्या वर कुत्री-मांजरं मारली जायची असे अंदाज आहेत, आजही आकडा लाखांत आहे. त्याच्या जोडीला नसबंदी, लस, लायसन्स, पट्टा, दंड असं दशकानुदशकं चाललं, तेव्हा कुठे २००७ मधे इथून कुत्र्याकडून कुत्र्याला होणारा रेबीज गेल्याचं जाहीर झालं (वटवाघळं आणि रॅकूनमधे तो अजून आहे, म्हणून अंगणात रॅकून दिसला की मी आत पळते). त्यामुळे डॉग पार्क हे उत्तर नाहीये, ते सगळं निस्तरून झाल्यावरचं खेळणं आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचा ओलोनी पार्क, जो पहिला डॉग पार्क म्हणून सांगतात, तो १९७९चा. कुंपणात खेळायला आधी मालक असलेलं कुत्रं लागतं. आपल्याकडे भांडण आहे ते मालक नसलेल्या कुत्र्याचं. २०२४ मधे देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांच्या वर केसेस नोंदल्या गेल्या, दादाची भीती ही काही व्हॉट्सॅपवर तयार झालेली नाही, त्याची मुलगी क्लासहून रात्री सायकलवर येते.

मी हे सगळं लांबलचक टाइप करून पाठवलं. दादाने अंगठा दिला, वहिनीने विचारलं मग मी खायला घालू नको का.

तिथे मला एक गोष्ट कळली जी दोन वर्षं ग्रुपवर असून माहीत नव्हती. वहिनी खायला घालते कुठे? त्यांच्या सोसायटीच्या कमिटीने गेटमधे बंदी केली, म्हणून ती रात्री वाडगा घेऊन रस्ता ओलांडते आणि समोरच्या सोसायटीच्या गेटच्या कोपऱ्यात ठेवते. "तिथे लाइट आहे गं, आणि जागा पण मोकळी." लाइट आहे, जागा मोकळी, आणि सकाळी त्या गेटमधून शाळेची मुलं बाहेर पडतात. समोरच्या सोसायटीची माणसं तक्रार घेऊन वहिनीच्या सोसायटीत आली तर सेक्रेटरी म्हणाले, गेटच्या बाहेरचं आमच्याकडे येत नाही. मला ते वाक्य इंग्रजीत पाठ आहे.

म्हणजे वहिनी, जिची बाजू मी मनातून घेत होते, तीच माझ्या शेजारचं कौन्सिल निघाली. चांगल्या मनाने, नकाशातला करडा रंग बघून. मी तिला तसं म्हटलं. चार दिवस बोलली नाही.

वाईट याचं वाटतं की यासाठी आपल्याकडे कागदावर सोय आहे. २०२३च्या ॲनिमल बर्थ कंट्रोल नियमांत खाऊ घालायची जागा ठरवायचं काम सोसायटी किंवा स्थानिक संस्थेवर टाकलंय, जिने, येण्याजाण्याची दारं आणि मुलांच्या खेळायच्या जागा सोडून, आणि वेळही ठरवायची. वाद झाला तर कमिटी बसवायची, त्यात पशुवैद्यकीय अधिकारी, पोलीस, प्राणी संस्थेची माणसं, तक्रार करणारा आणि सोसायटीचा प्रतिनिधी. तक्रार करणारा त्या कमिटीत बसतो, तीन मिनिटांच्या दिव्यापुढे उभा राहत नाही! अमेरिकेत मला एवढं कोणी दिलं नाही. पण दादाला ती कमिटी माहीत नव्हती, वहिनीला नव्हती, दोन्ही सेक्रेटऱ्यांना नव्हती, सुप्रीम कोर्ट काय म्हणालं ते मात्र सगळ्यांना त्याच संध्याकाळी कळलं होतं. शिवाय नियम एका सोसायटीच्या आतला विचार करतो. रस्त्याच्या अलीकडच्याने पलीकडे वाडगा ठेवला तर कमिटी कोणी बोलवायची यावर दोन्ही सोसायट्या एकमेकींकडे बोट दाखवतील, हे मी इथून सांगते.

माझ्याकडचं सांगायचं तर मार्चमधे पार्कवर नवी पाटी लागली, सकाळी ६ऐवजी ७, शनिवार-रविवारी ८. मला कोणी कळवलं नाही, फिरायला गेले तेव्हा वाचलं. कडी तीच आहे. मी एकदा जाऊन तिला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून आले, बाहेरच्या बाजूने, तेवढं नॉन-रेसिडेंटला करता येतं. आठवडा टिकला. त्या आजी बाकावर होत्या, बघत होत्या, काही बोलल्या नाहीत, हात केला.

आणि काल वहिनीचा फोटो आला, मला एकटीला, ग्रुपवर नाही. वाडगा त्यांच्याच पार्किंगच्या भिंतीला टेकलेला, बाजूला दादाच्या स्कूटरचं मागचं चाक आणि चाकाला टेकून एक तपकिरी कुत्रं पसरलेलं. खाली लिहिलंय, "समोरच्यांनी थँक्यू म्हटलं. ह्यांना सांगू नकोस हं."