पाय झीरोवर ‘इलिगल इन्स्ट्रक्शन’: अंबडहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. क्रॉस-कंपाइल, म्हणजे बोर्डावर चालणारा प्रोग्रॅम पीसीवर बांधण्याच्या पद्धतीवर तुमचे आक्षेप दोन. द्राक्षबागांतल्या हवामान केंद्रांचे मोजकेच बोर्ड असताना लायब्ररी बोर्डावरच कंपाइल करावी, क्रॉस-कंपाइलचा व्याप कशाला? आणि उबंटूच्या पॅकेजमधला कंपायलर घेऊन, ‘-मार्च=आर्मव्ही६’ (कोणत्या पिढीच्या प्रोसेसरसाठी कोड बनवायचा ते सांगणारा पर्याय) देऊनसुद्धा पाय झीरो या छोट्या रास्पबेरी पाय बोर्डावर ‘इलिगल इन्स्ट्रक्शन’, म्हणजे प्रोसेसरला न कळणाऱ्या आज्ञेची तक्रार येतं, म्हणजे ही पद्धतच बेभरवशाची.

दुसरा आक्षेप आधी घेतो, कारण तिथे खूप जण अडकतात. मूळ पाय झीरोचा प्रोसेसर आर्मव्ही६ आहे आणि ३२-बिट रास्पबेरी पाय ओएस त्यालाच धरून बांधलेली असते. डेबियन-उबंटूची ३२-बिट आर्मसाठीची आवृत्ती ‘आर्मएचएफ’ मात्र आर्मव्ही७ गृहीत धरतं. टूलचेनचं (कंपायलर, लिंकर वगैरेंच्या संचाचं) नाव दोन्हीकडे तेच, ‘आर्म-लिनक्स-ग्नूईएबीआयएचएफ’! ‘मार्च’मुळे फक्त तुमचा कोड व्ही६ होतो. लिंक करताना जोडल्या जाणाऱ्या सीआरटी फाइली (प्रोग्रॅम सुरू करणारा कोड) आणि लिबजीसीसी (कंपायलरची मदतनीस लायब्ररी) पॅकेजमधून येतात, त्या व्ही७च्याच राहतात. तयार फाइलींची माहिती दाखवणाऱ्या ‘रीडएल्फ’ला मोठ्या ‘ए’चा पर्याय देऊन आधी तुमची ऑब्जेक्ट फाइल तपासा, मग तयार प्रोग्रॅम. पहिलीत व्ही६ आणि दुसऱ्यात व्ही७ दिसलं, की दुखणं सापडलं.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे टूलचेन बांधणाऱ्या ‘क्रॉसटूल-एनजी’ने आर्मव्ही६ची टूलचेन बांधणं. तिची ग्लिबसी (सी भाषेची मूळ लायब्ररी) बोर्डावरच्या ग्लिबसीपेक्षा नवी ठेवू नका. बोर्डावर २.३१ आणि टूलचेनमध्ये २.३५ असेल, तर ‘ग्लिबसी २.३४ नॉट फाउंड’ म्हणत प्रोग्रॅम सुरूच होणार नाही. मग झेडलिब, ओपनएसएसएल, कर्ल या लायब्ररी याच क्रमाने एका वेगळ्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल करा. प्रत्येकाची तऱ्हा निराळी: झेडलिब ‘सीहोस्ट’ हे व्हेरिएबल वाचतं, ओपनएसएसएलला ‘लिनक्स-आर्मव्ही४’ आणि क्रॉस-कंपाइल-प्रीफिक्स लागतो, कर्लला ‘--होस्ट’. लायब्ररी कुठे शोधायच्या ते सांगणाऱ्या ‘पीकेजी_कॉन्फिग_पाथ’वर विसंबू नका, त्याने नवा रस्ता जोडला जातो, पण तुमच्या पीसीच्या लायब्ररींचा जुना रस्ता उघडाच राहतो. ‘पीकेजी_कॉन्फिग_लिबडिर’ तो बंद करतो.

आता पहिला आक्षेप. पुरेशी मेमरी असलेला एकच पाय ४ असेल, तर तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे; तिथेच कंपाइल करा. पण ५१२ एमबीच्या झीरोवर सी++ची मोठी लायब्ररी घेतली की मेमरी संपते आणि कर्नल कंपायलरला मारून टाकतो. ‘मेक’ला एकच जॉब देऊन नि स्वॅप वाढवून निभतं, पण वेळ अतोनात जातो आणि एसडी कार्ड झिजतं. त्यात ६४-बिट आर्म किंवा रिस्क-व्ही (आर्महून वेगळ्या प्रोसेसरचे) बोर्ड आले, की प्रत्येकावर हेच पुन्हा. पीसीवर तेवढ्यासाठी तीन टूलचेन आणि तीन वेगळी बिल्ड फोल्डरं पुरतात. फोल्डर एकच ठेवलंत, तर जुन्या ऑब्जेक्ट फाइली मिसळून लिंकर ‘फाइल इन राँग फॉरमॅट’वर थांबेल.

आणि दिंडोरीच्या बागेत बोर्ड बसवण्याआधी प्रोग्रॅम पीसीवरच ‘क्यूईएमयू-आर्म’ (आर्म प्रोसेसरची नक्कल करणारं साधन) मध्ये चालवा, ‘-सीपीयू आर्म११७६’ (पाय झीरोचाच प्रोसेसर) देऊन. हा पर्याय विसरलात तर क्यूईएमयू जास्त क्षमतेचा प्रोसेसर धरतो आणि व्ही७चा कोडही बिनतक्रार चालवतो. तो दिलात, तर तुमचं ‘इलिगल इन्स्ट्रक्शन’ टेबलावरच दिसेल.