'हुशार' हा शब्द खोडून बातमी वाचा

आपल्याकडं 'पोरगं हुशार आहे' हे कौतुक आणि 'लई हुशार झालाय' ही शिवी. बोलताना आवाजावरून कळतं. छापताना आवाज नसतो, म्हणून पेपरवाल्यांनी शब्दच वाटून घेतलेत. आपला असेल तर चाणाक्ष, मुरब्बी, मुत्सद्दी. समोरचा असेल तर धूर्त, कावेबाज. 'बेरकी' दोन्हीकडं चालतो. आणि बाई असली की 'कारस्थानी', हे इतकं सहज पडतं की डेस्कवर कुणाला खटकतही नाही.

बरं, शब्द ठरतो तो निकालावरून. २३ नोव्हेंबर २०१९ च्या सकाळचा फडणवीस-अजित पवारांचा राजभवनातला शपथविधी आधी 'मास्टरस्ट्रोक' होता. २६ तारखेला राजीनामा आला आणि तोच 'फसलेला डाव' झाला. डावात काहीच बदललं नव्हतं.

आपल्या मराठवाड्यात हे सगळ्यात महाग पडतं ते पाण्याच्या बातमीत. 'जायकवाडीप्रश्नी अमुक नेत्यांची चतुर खेळी' एवढ्या मथळ्यावर परभणीच्या शेतकऱ्यानं करायचं काय? त्याला आकडा हवाय. पैठणच्या जायकवाडी धरणाची एकूण क्षमता सुमारे १०२ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला २६ मृतसाठा, म्हणजे एरवी वापरता न येणारं तळाचं पाणी, आणि उपयुक्त ७६. गोदावरीच्या पाणीवाटपासाठीच्या मेंढेगिरी समितीचं सूत्र असं की १५ ऑक्टोबरला उपयुक्त साठा ६५ टक्क्यांखाली, म्हणजे साधारण ५० टीएमसीच्या आत असेल, तर वरच्या अंगाच्या नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचं. आता समजा धरणात एकूण ६० टीएमसी आहे. एकूण क्षमतेवर टक्के काढले तर ५८ च्या वर भरतात. मृतसाठा वजा केला तर उरले ३४, म्हणजे जेमतेम ४५ टक्के. वरचा, म्हणजे नगर-नाशिकचा नेता पहिला आकडा सांगणार, खालचा मराठवाड्याचा दुसरा. दोघंही खोटं बोलत नाहीत. वार्ताहरानं 'टक्के कशाचे?' एवढं विचारलं की खेळी उघडी पडते. न विचारता 'चतुर' लिहिलं की तोही त्या खेळीत एक भिडू.

डेस्कवर बसणाऱ्यांसाठी सोपी तपासणी: विशेषण खोडा. वाक्यात काहीच उरत नसेल तर बातमी अजून आलेलीच नाही, वार्ताहराला फोन लावा. उरत असेल तर नेत्याचं नाव बदलून विरोधकाचं टाका आणि तेच विशेषण हाताला येतं का बघा.

नाटक-कवितेच्या परीक्षणात गणित उलटं. 'हुशारीनं बांधलेली एकांकिका' असं छापून आलं की समजावं, परीक्षकाला ती आवडलेली नाही. संस्कृत काव्यशास्त्रात 'चमत्कार' म्हणजे रसिकाला होणारा आनंद. आपल्या समीक्षेत 'चमत्कृती' हा ठपका. मोरोपंतांनी निरोष्ठ रामायण लिहिलं, म्हणजे प, फ, ब, भ, म टाळून. खुद्द 'राम' हे नावसुद्धा त्यात बसत नाही! कसब अफाट, पण शिक्का बसला 'कृत्रिम'. पैठणच्या नाथांच्या भारुडात विंचू चावतो आणि तो निघतो काम-क्रोधाचा. ही काय कमी चलाखी आहे? पण तिथं ऐकणारा आधी हसतो आणि अर्थ मागून पोचतो, म्हणून नाथांना कुणी 'हुशार' म्हणून उडवून लावत नाही.

तेव्हा एकांकिका स्पर्धेच्या परीक्षणात 'चमकदार संवाद' लिहिण्याआधी त्यातला एक संवाद द्या, तो कुणाच्या तोंडी आहे ते लिहा आणि त्यावर लोक हसले की नुसतेच 'वा' म्हणाले, तेही लिहा.