खुलासा: कल्चर रिपोर्टमधला लहान आकडा म्हणजे जोरदार औषध नव्हे

‘कल्चर रिपोर्टमध्ये ज्या अँटिबायोटिकपुढे एमआयसीचा आकडा सर्वांत लहान, तेच डॉक्टरांकडे मागा,’ असा मेसेज सोलापुरातल्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

कल्चर रिपोर्ट म्हणजे लघवी, रक्त अशा नमुन्यातले जंतू वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते सांगणारा अहवाल. एमआयसी म्हणजे जंतूंची वाढ रोखणारी औषधाची किमान मात्रा. ती किती असेपर्यंत औषध चालतं, ही मर्यादा प्रत्येक औषधाला वेगळी. सीएलएसआय या अशा तपासण्यांचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेनुसार लघवीतल्या ई. कोलाय या जंतूवर सिप्रोफ्लॉक्सासिनचा आकडा १ आला तर ते निकामी, नायट्रोफ्युरँटोइनचा १६ आला तरी ते चालतं, कारण ते लघवीत साठतं. रक्तातल्या संसर्गाला मात्र तेच बिनकामाचं. म्हणून आकडे एकमेकांशी ताडू नका, पुढचं एस (औषध चालतं), आय (मधलं), आर (चालत नाही) पाहा. एस असलं तरी किडनी, ॲलर्जी, संसर्गाची जागा बघूनच औषध ठरतं.

मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हा खुलासा टाका.