विमानाचा बोल्ट नजरेने ओळखायचा नसतो

धानोरीला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीने परवा नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर फिरणारा एक मजकूर मला पाठवला आणि खाली विचारले, "दादा, हिने गणित सोडले तरी चालेल ना?" भाची अकरावीत आहे, लोहगावहून उठणारी विमाने गच्चीतून पाहतच ती वाढली आणि तिला विमानांच्या देखभालीचेच काम करायचे आहे. मजकुराचे म्हणणे असे, की या कामाला गणित लागत नाही, बिघाड संगणकच सांगतो, माणूस धाडसी आणि जुगाडू असला म्हणजे पुरे, आणि मुरलेला तंत्रज्ञ पुस्तक न उघडता नजरेनेच बोल्ट ओळखतो. ज्याचे आयुष्य हँगरमध्ये, म्हणजे विमाने दुरुस्त करण्याच्या शेडमध्ये गेले, त्याला हे वाचून गप्प बसवत नाही.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो जीवघेणा आहे. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची कॅप्टनसमोरची काच १७,३०० फुटांवर निखळली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. कर्मचाऱ्यांनी त्याला घट्ट धरून ठेवले आणि सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवले, म्हणून तो वाचला. ब्रिटनच्या विमान अपघात तपास शाखेच्या अहवालानुसार काचेच्या ९० बोल्टपैकी ८४ बोल्ट ०.६६ मिलिमीटरने बारीक होते. ते बसवणारा कोणी शिकाऊ नव्हता, पाळीचा प्रमुख होता. रात्रपाळीत अपुऱ्या उजेडात त्याने काढलेला जुना बोल्ट समोर धरून नवे जुळवले, सुट्या भागांची सूची पाहिली नाही, आणि स्टोअरमधल्या माणसाने योग्य बोल्ट कोणता ते सांगितले तेही मनावर घेतले नाही. गंमत म्हणजे, ज्यांच्याशी जुळवले ते जुने बोल्टही मुळात आखूडच होते.

जुगाडाबद्दल काय बोलावे? आमच्याकडे साधी लॉकवायरसुद्धा, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायची तार, बोल्ट घट्ट होण्याच्या दिशेनेच ओढ बसेल अशी बांधतात; उलटी बांधलेली दिसली, की कापून पुन्हा बांधायची. आणि पाळी संपताना अवजारांच्या फळीवरची एक खाच रिकामी दिसली, तर ते अवजार विमानातच राहिले असेल म्हणून, उड्डाणाला उशीर होणार हे ठाऊक असूनही "माझा पाना सापडत नाही" असे मोठ्याने सांगणारा माणूस लागतो. धाडस म्हणायचेच असेल, तर ते हे.

संगणकाचा मुद्दा अर्धा खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. आजची विमाने बिघाडाचा संदेश देतात, पण संदेशात नाव एखाद्या उपकरणाचे असते आणि दोष पुष्कळदा त्याच्याकडे जाणाऱ्या तारेत किंवा गंजलेल्या कनेक्टरमध्ये निघतो.

गणिताचे उत्तर सरळ आहे. बारावीनंतर डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, विमान देखभालीच्या परवान्याच्या वाटेला जायचे, तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे तिन्ही विषय लागतात, आणि परवान्याच्या अभ्यासक्रमातला पहिलाच विभाग गणिताचा आहे. बहिणीला तसे लगेच फोन करून सांगितले. विषय बदलण्याचा अर्ज सुदैवाने अजून घरीच होता.