वाक्य जुळलं म्हणून मराठी कन्नडची लेक ठरत नाही

सध्या एक मजकूर खूप फिरतोय: ‘मराठी वाक्यातला एकेक शब्द काढून तिथे कन्नड शब्द ठेवा, वाक्य बरोबर बसतं. शब्द उसने घेता येतात, वाक्यरचना घेता येत नाही. म्हणून मराठी मूळची कन्नडच, संस्कृत शब्द नंतर वरून चढवले.’ मराठीवर द्रविड भाषांचा ठसा खोल आहे, हे मला मनापासून मान्य आहे. पण त्यावरून काढलेला हा निष्कर्ष चूक आहे.

आधी शब्दक्रम. कर्ता, कर्म आणि क्रियापद यांचे क्रम होऊन होऊन सहाच, त्यामुळे योगायोगाला भरपूर वाव. जपानी आणि तुर्कीतही क्रियापद शेवटी येतं, पण त्या मराठीच्या कोणी लागत नाहीत. उलट आयरिशमध्ये ते आधी येतं, इंग्रजीत मधे, मराठीत शेवटी, आणि या तिघी एकाच इंडो-युरोपीय कुळातल्या. ध्वनींचं तसं नसतं. संस्कृत, प्राकृत, मराठी या क्रमाने सप्त-सत्त-सात, हस्त-हत्थ-हात, अष्ट-अट्ठ-आठ: एकच बदल शब्दामागून शब्दात दिसतो, त्याला योगायोग म्हणता येत नाही. शब्द पिढ्यान्‌पिढ्या हाती येतो. वाक्य मात्र बोलणारा दर वेळी नव्याने जुळवतो. मग कुठल्या वाक्याचं पूर्वरूप कुठलं, हे ताडून पाहणार कसं?

‘वाक्यरचना घेता येत नाही’ हे तर सांगलीजवळच्या कुपवाडनेच खोडून काढलंय. तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूचा अभ्यास जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१मध्ये प्रसिद्ध केला. गावातला मराठी माणूस म्हणतो, ‘पाला जरा कापून घेऊन आलो’. उर्दू बोलणारा म्हणतो, ‘पाला जरा काट के ले के आया’. कन्नड वाक्यही याच साच्यातलं. शेजारधर्माने रचना एक झाली, शब्द आणि प्रत्यय ज्याचे त्याच्याकडे राहिले. म्हणून कुपवाडची उर्दू कन्नडची लेक झाली का?

‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद घ्या. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’, वगळून ‘आम्ही’. तेलुगूत हेच ‘मनमु’ आणि ‘मेमु’. ही सोय बहुधा द्रविड शेजाऱ्यांकडून आली, पण ‘आपण’ हा शब्द संस्कृत ‘आत्मन्’पासूनचा. साचा शेजारचा, माती घरची.

आणि वरवर सारखं दिसणारं वाक्य आतून किती वेगळं असतं, हे श्रवणबेळगोळला बाहुबलीच्या पायाशी कोरलेलं आहे. ती मूर्ती चामुंडरायाने करवून घेतली, हे मराठीत असं लिहिलंय: ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’. तीच गोष्ट कन्नडमध्ये ‘श्रीचामुंडराजं माडिसिदं’. दोन्हीकडे आधी नाव, मग क्रियापद. शब्दाच्या जागी शब्द ठेवणाऱ्याला दोन्ही एकच वाटतील. पण कन्नडमध्ये चामुंडराज सरळ कर्ता आहे आणि क्रियापद त्याच्याप्रमाणे पुल्लिंगी. मराठीत नावाला तृतीयेचा ‘एं’ लागलाय, म्हणजे ‘चावुंडराजाने’. आणि क्रियापद नपुंसकलिंगी, त्याचा चावुंडराजाच्या लिंगाशी संबंधच नाही. ही ठेवण संस्कृतच्या ‘रामेण फलं खादितम्’ची. आजही आपण ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी पोळी खाल्ली’ म्हणतो, आणि कन्नड माणूस आंबा असो वा पोळी, स्वतःबद्दल ‘तिंदे’च म्हणतो.