३३ अब्ज 'ओतले' म्हणणाऱ्या वाचकास

'स्पष्टवक्ता' यांस,

ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल (मूलनिवासी) वस्त्यांना मिळणाऱ्या सरकारी निधीवरचा माझा लेख तुम्हाला 'एकतर्फी आणि भाबडा' वाटला. तुम्ही लिहिता : "वर्षाला ३३ अब्ज डॉलर ओतूनही वस्त्या तशाच, म्हणजे मधले लोक खातात. हिशोब कोणी विचारत नाही. २०२३ च्या सार्वमतात जनतेनं निकाल दिलाच आहे." वर 'तुमच्यासारख्या स्थलांतरितांनी' ही पुस्ती. मतभेदाला ना नाही. पण लेखातल्या एकाही आकड्याला हात न लावता लेखकाच्या पासपोर्टकडे बोट दाखवायचं, याला स्पष्टवक्तेपणा म्हणत नाहीत. लेख लांबला, हे मात्र मान्य.

आता ते ३३ अब्ज. हा आकडा प्रॉडक्टिव्हिटी कमिशन या ऑस्ट्रेलियन सरकारच्या सल्लागार संस्थेच्या २०१७ च्या अहवालातला. वर्ष २०१५-१६, नेमकी रक्कम ३३.४ अब्ज. त्यातले २७.४ अब्ज, म्हणजे ८२ टक्के, हा सर्वांसाठीच्या सेवांमधला अंदाजे काढलेला वाटा आहे : शाळा, इस्पितळं, पोलीस, तुरुंग, निवृत्तिवेतन, अगदी संरक्षणखर्चसुद्धा. मेलबर्नच्या तुरुंगातल्या ॲबोरिजिनल कैद्यावरचा खर्च यात येतो. तो वस्तीत 'ओतला' म्हणायचा? खास या समाजासाठीचे कार्यक्रम उरलेल्या ६ अब्जांचे. दरडोई खर्च इतरांच्या दुप्पट दिसतो, हे खरं : ४४,८८६ विरुद्ध २२,३५६ डॉलर. पण गरज जास्त, आणि दुर्गम भागात तीच सेवा महाग पडते, ही कारणं त्याच अहवालात आहेत. आकडा उचललात, तर पुढचं पानही उलटायचं होतं.

त्या ६ अब्जांचं तरी काय होतं? ते तुकड्यातुकड्यांनी येतात. वाडेये ही डार्विनच्या नैर्ऋत्येची मोठी वस्ती, पावसाळ्यात रस्ता बंद. २००२ मध्ये केंद्र आणि राज्य सरकारांनी 'समन्वया'चा प्रयोग करायला आठ ठिकाणं निवडली, त्यांतलं हे एक. कागद कमी करणं हा उद्देश. २००६ च्या मूल्यमापनात दिसलं की स्वतंत्र निधी-करार साधारण ६० होते, ते ९० च्या वर गेले! प्रत्येक कराराला वेगळे निकष, वेगळा अहवाल, वेगळं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला. २०१४ मध्ये सुमारे १५० कार्यक्रम एकाच योजनेत पाच शीर्षांखाली आणले, आणि त्याच अर्थसंकल्पात पाच वर्षांसाठी ५३४ दशलक्षांची कातर लागली. २०१७ मध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षकांनी ताशेरे ओढले ते अनुदान वाटणाऱ्या खात्यावर.

प्रत्यक्षात अडतं ते असं. आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू, करारावर सही सप्टेंबर-ऑक्टोबरात. माणूस नेमेपर्यंत नोव्हेंबर उजाडतो, तोवर उत्तरेत पावसाळा तोंडावर. वाहतूक थांबते, नळ दुरुस्त करणारा प्लंबर एप्रिलपर्यंत पोचत नाही. ३० जूनला शिल्लक रक्कम परत करा, नाहीतर पुढे नेण्याची परवानगी मागा. नूतनीकरणाचं पत्र जूनमध्ये येतं, आणि मेमध्येच नर्सनं दुसरी नोकरी धरलेली असते. मग अहवालात लिहिलं जातं, 'निधी अखर्चित', आणि तुमच्यासारखे वाचतात, 'खाल्ला'.

'हिशोब कोणी विचारत नाही' हे वाक्य मात्र पचलं नाही. या अनुदानांची उपयोगिता प्रमाणपत्रं तयार करण्यात माझी नोकरीची उमेदीची वर्षं गेली, तेव्हा एवढं सांगायचा हक्क आहे. २०१४ च्या त्या योजनेतून वर्षाला पाच लाख डॉलर किंवा जास्त घेणाऱ्या मूलनिवासी संस्थेवर २००६ च्या खास कायद्याखाली नोंदणीची अट घातली गेली. त्या कायद्यानं वार्षिक अहवाल ३१ डिसेंबरच्या आत द्यायचा, नाही दिला तर कारवाई. गैरव्यवहार झालेले नाहीत असं नाही. ते सापडतात, ते याच यंत्रणेमुळे.

सार्वमताबद्दल बोलत नाही. तो प्रश्न संविधानात मूलनिवासींचं सल्लागार मंडळ नेमण्याचा होता, निधीचा नव्हे. विषय बदलायचा असेल तर वेगळी प्रतिक्रिया लिहा.

आणि 'मधले लोक' कोण, हे ठामपणे ठाऊक असेल तर संस्था आणि वर्ष सांगा. त्या २००६ च्या कायद्याखालच्या नोंदणी निबंधकाच्या संकेतस्थळावर या संस्थांचे अहवाल फुकट उघडता येतात. ताळेबंदातली ओळ दाखवलीत तर पुढचं बोलू.